प्लाझ्माचा रंग

सीईटीचा पेपर देऊन रुचिता सावे निर्मळ गावातल्या घरी परतली, तेव्हा तिचं पुढचं आयुष्य घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. तिला स्वतःलासुद्धा. बी.फार्म.ला प्रवेश घ्यायचा, चार वर्षं वसईतल्याच एखाद्या कॉलेजात काढायची आणि मग उमेळ्याला कौस्तुभमामाच्या मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहायचं. मामाला मूलबाळ नव्हतं. दुकान त्याने पंचवीस वर्षांत शून्यातून उभं केलं होतं. दुकानातले फार्मसिस्ट पास्कल यांचं वय झालं होतं आणि फार्मसिस्टशिवाय मेडिकल चालत नाही. म्हणजे सगळं कसं जागच्या जागी बसत होतं.

यात रुचितावर कोणी जबरदस्ती केली होती असं मुळीच नाही. तिला केमिस्ट्री आवडायची, बायोलॉजी त्याहून जास्त. डॉक्टर व्हायची तिची हौस नव्हती आणि इंजिनीयरिंगचं नाव काढलं की तिला जांभई यायची. मग राहिलं काय? फार्मसी. एवढाच तिचा हिशोब होता.

"निकालाला अजून महिनाभर आहे," ती मामाला म्हणाली, "तोवर दुकानात येऊन बसते. जिथे जन्म काढायचा ती जागा एकदा बघून तरी घेते."

मामा हसला. "बघून घेते म्हणे. जशी काही नवऱ्याच्या घरी चाललीय."

पण त्याला बरं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला रुचिताची स्कूटर उमेळ्याच्या दुकानासमोर लागली.

दुकान छोटं, पण चालतं. शेजारच्या केळीच्या वाड्या जाऊन तिथे सात-सात मजली इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि त्या इमारतींतली माणसं सकाळ-संध्याकाळ काउंटरवर येत. पास्कलअंकल तिला हाताशी धरून शिकवायला लागले. औषध ब्रँडच्या नावाने ओळखायचं नाही, आतलं द्रव्य वाचायचं. दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकाच माणसाच्या असतील तर दोन्ही समोरासमोर ठेवायच्या. "एकाने दिलेलं दुसऱ्याने पुन्हा दिलेलं असतं पुष्कळदा," ते म्हणायचे. "पेशंट बिचारा दोन्ही गिळतो. ते पकडणं हेच आपलं काम. गोळ्या कापून देणं कोणालाही जमतं."

रुचिता चटकन शिकली. आठवड्याभरात कुठलं औषध कुठल्या खणात हे तिला डोळे मिटून सांगता यायला लागलं. तिची वर्गमैत्रीण अक्षया तिथून जवळच राहायची. तिचे आईवडील मूळचे रत्नागिरीकडचे, वडील अंधेरीला नोकरीला. ती रोज दुपारी गप्पा मारायला म्हणून यायची आणि बघता बघता काउंटरला टेकून उभी राहायची. दम्याच्या एका आजीला इनहेलर कसा ओढायचा हे तिने इतक्या प्रेमाने आणि इतक्यांदा करून दाखवलं की आजी निघताना तिचीच अलाबला घेऊन गेल्या. अक्षयाने फॉर्ममध्ये फार्मसीच भरली होती, पण तिच्या मनात धाकधूक होती. "तुझं बरंय, तुझ्या मामाचं दुकान आहे," ती म्हणायची. "माझं कोण आहे? मी डिग्री घेऊन करणार काय?"

"वेडी आहेस का," पास्कलअंकल तिला म्हणाले. "फार्मसी म्हणजे काय नुसतं मेडिकल? बोईसरला जा, औषधांच्या फॅक्टऱ्या आहेत. तिथे प्रत्येक बॅच तपासायला माणसं लागतात. हॉस्पिटलची फार्मसी आहे, औषधांचे दुष्परिणाम नोंदवणाऱ्या कंपन्या आहेत, परीक्षा देऊन औषध निरीक्षकही होता येतं. दुकान हे त्यातलं एक दार आहे."

रुचिता हे ऐकत होती, पण तिच्या डोक्यात दुसरंच काही चाललेलं असायचं. चिठ्ठी यायची, औषध जायचं, माणूस जायचा. तो माणूस मुळात कशाने आजारी आहे, हे कोणी आणि कसं शोधून काढलं? काउंटरवर येणाऱ्यांकडे ती हळूच रिपोर्ट मागून घ्यायची आणि वाचत बसायची. क्रिएटिनिन, बिलिरुबिन, ईएसआर. मामा दोनदा ओरडला. "रुचे, आपण औषध द्यायचं. लोकांचे रिपोर्ट कसले वाचतेस?"

आणि दुपारी चार वाजले की तिची नजर घड्याळाकडे जायची. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. साडेदहा-अकराचा सुमार असेल. पस्तिशीची एक बाई धापा टाकत दुकानात आली. मामाच्या ओळखीची होती, मागच्याच गल्लीत राहणारी. तिच्या हातात मोबाईल होता.

"पास्कलअंकल, हे बघा ना. बाबांचा रिपोर्ट. पोटॅशियम सात पॉइंट दोन. खाली लाल अक्षरात लिहिलंय. माझ्या दिराला पाठवला तर तो म्हणतो, ताबडतोब आयसीयूत न्या, हृदय बंद पडेल."

"बाबा कुठे आहेत?"

"हे काय, बाहेर."

बाहेर रिक्षात तिचे वडील बळीराम बसले होते. अर्नाळ्याचे मच्छिमार. वय पासष्टच्या पुढे, पण अंगाने कणखर. चार दिवसांसाठी मुलीकडे राहायला आले होते आणि आदल्या दिवशी तिच्या सोसायटीत तपासणी शिबिर होतं म्हणून तिने त्यांचं रक्त द्यायला लावलं होतं. ते रिक्षातून उतरायला तयार नव्हते.

"मना काय पन नाय झालंय," ते दरडावून सांगत होते. "सकाली चालून आलो मी. कोन सांगतो हारट बंद पडनार? पानी पिऊन झोपलो का बरा होतो मी."

पास्कलअंकलनी आकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "सात पॉइंट दोन हा खेळ नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "वर डॉक्टर ग्लोरिया आहेत. आधी त्यांच्याकडे चला. ईसीजी काढू दे."

डॉ. ग्लोरियांचं क्लिनिक त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर होतं. बळीरामांना समजावून वर नेण्यात पाच मिनिटं गेली. तेवढ्या वेळात रुचिताने त्या बाईच्या हातातला मोबाईल घेतला. सवयीने. ती रिपोर्ट वरपासून खालपर्यंत वाचत होती. आकडे नव्हे, त्यांच्यावरची बारीक अक्षरं. नमुना घेतल्याची वेळ सकाळी सात वाजून पाच. नमुना लॅबमध्ये पोहोचल्याची वेळ दुपारी तीन वाजून वीस.

"ताई," तिने विचारलं, "सात ते तीन हे रक्त होतं कुठे?"

"कुठे म्हणजे? त्यांच्या पिशवीत. टेबलाखाली ठेवली होती. शिबिर दोनपर्यंत चाललं ना."

"बर्फ वगैरे?"

"मला नाही दिसला."

मे महिन्याचं ऊन बाहेर नुसतं भाजत होतं. रुचिताला त्यातलं विज्ञान माहीत नव्हतं. पण आठ तास उन्हाळ्यात पिशवीत पडलेल्या रक्तावर एवढा मोठा निकाल द्यायचा, हे तिच्या मनाला पटेना. ती पास्कलअंकलना म्हणाली, "अंकल, रक्त एवढा वेळ पडून राहिलं तर हा आकडा बदलतो का?"

पास्कलअंकल तिच्याकडे बघतच राहिले. "बदलत असेल. मला नक्की माहीत नाही," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "ते लॅबवालेच सांगतील. पण हे आत्ता वर जाऊन डॉक्टरांना सांग. जा, पळ."

ती जिना चढून धावत वर गेली. डॉ. ग्लोरिया ईसीजीची पट्टी हातात धरून उभ्या होत्या. पट्टीत काळजीचं काही दिसत नव्हतं. रुचिताने वेळा सांगितल्या. डॉक्टरांनी मोबाईल हातात घेऊन स्वतः वाचलं आणि भुवया वर गेल्या.

"माणूस एक सांगतोय आणि कागद दुसरं," त्या म्हणाल्या. "तरी मी धोका पत्करणार नाही. यांना इथेच मॉनिटरवर ठेवते आणि हॉस्पिटलला कळवून ठेवते. तोवर नवीन रक्त घ्यायला प्रिस्काला बोलावते."

प्रिस्का मॅडमची लॅब रस्त्यापलीकडे होती. चाळिशीच्या, किरकोळ बांध्याच्या, केस घट्ट बांधलेल्या. त्या दोन मिनिटांत आल्या. बळीरामांच्या दंडाला पट्टा फार आवळला नाही, मूठ आवळायला लावली नाही, हिरव्या टोपणाच्या नळीत सावकाश रक्त घेतलं आणि नळी दोन-तीनदा हळुवार उलटी केली. मग रुचिताकडे वळल्या.

"रिपोर्टवरची वेळ वाचलीस ती तूच ना? चल माझ्याबरोबर."

लॅब म्हणजे दोन खोल्या. मशीनची घरघर, एसीचा गारवा आणि स्पिरिटचा वास. प्रिस्का मॅडमनी नळी एका गोल यंत्रात ठेवली, समोर तोलाला दुसरी ठेवली, झाकण लावलं. यंत्र गरगरायला लागलं.

"पोटॅशियम रक्ताच्या द्रवात असतं त्याच्या कितीतरी पट रक्तातल्या पेशींच्या आत असतं," त्या काम करता करताच बोलत होत्या. "नमुना वेळेत फिरवून वेगळा केला नाही, उन्हात ठेवला, गदागदा हलवला, की पेशी फुटतात किंवा झिरपतात. आतलं बाहेर येतं. मशीन मोजतं ते खरंच मोजतं. पण ते नळीतलं मोजतं, माणसातलं नाही."

त्यांनी बाजूच्या स्टँडमधून एक नळी उचलली. "ही सकाळी मी नाकारली. बघ." वरचा द्रव कोकमाच्या सरबतासारखा लालसर होता. मग यंत्र थांबलं, त्यांनी बळीरामांची नळी काढून उजेडात धरली. तळाशी गडद लाल थर आणि वर स्वच्छ, पारदर्शक पिवळा द्रव, प्लाझ्मा. निर्मळच्या वाडीत सोनचाफ्याच्या पाकळ्या सकाळी ज्या रंगाच्या असतात तसा, पण पाण्याइतका पातळ.

रुचिता बघत राहिली. गेल्या तीन आठवड्यांत तिने शेकडो गोळ्यांच्या पट्ट्या हाताळल्या होत्या. त्यातलं काहीच तिला असं उजेडात धरून बघत राहावंसं वाटलं नव्हतं.

मशीनने आकडा दिला. चार पॉइंट पाच.

"अगदी ठीक," प्रिस्का मॅडम म्हणाल्या आणि तरीही त्यांनी तोच नमुना पुन्हा लावला. दुसऱ्यांदा चार पॉइंट चार आला, तेव्हा त्यांनी फोन उचलला. पलीकडे डॉ. ग्लोरियांनी सोडलेला सुस्कारा रुचितालासुद्धा ऐकू आला.

बळीराम खाली आले ते विजयी मुद्रेने. "बोललो नव्हतो मी?" त्यांनी मुलीला सुनावलं. मग रुचितासमोर थांबले. "ही पोरगी कोनाची? बाय, अर्नाल्याला ये. ताजा पापलेट देतो तुला."

मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने रुचिताचा हात धरला. मामाने काउंटरवरून हे सगळं पाहिलं. त्याची छाती अभिमानाने फुगली होती. "बघितलंत पास्कल? याला म्हणतात फार्मसिस्टची नजर."

पास्कलअंकलनी मात्र रुचिताचा चेहरा पाहिला होता.

संध्याकाळी दुकान सोडल्यावर रुचिता सरळ रस्त्यापलीकडे गेली.

"मॅडम, हे कुठे शिकवतात?"

प्रिस्का मॅडम हात धूत होत्या. "डिग्री आहे. मेडिकल लॅबोरेटरी टेक्नॉलॉजी. तुझ्या फार्मसीएवढीच जवळजवळ वर्षं आणि शेवटी हॉस्पिटलात इंटर्नशिप. प्रवेशाचे नियम सारखे बदलतात, ते नीट बघून घे, कॉलेजला मान्यता आहे का ते आधी तपास. पण आज भारावून गेलीयस म्हणून येऊ नकोस. रोज बळीराम नसतात. रोज दीडशे नळ्या असतात, आणि लघवीच्या बाटल्या, आणि थुंकी. सकाळी साडेसहाला कामाला लागावं लागतं. आठ दिवस ये, लांबून बघ, कशाला हात लावू नकोस. मग मला विचार."

रुचिता गेली. निर्मळहून सव्वासहाला स्कूटर काढायची, लॅबमध्ये नऊपर्यंत थांबायची, मग समोर दुकानात. प्रिस्का मॅडम रोज सकाळी पहिला नमुना लावायच्या आधी मशीनची परीक्षा घ्यायच्या. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना लावायचा, आणि मशीनचं उत्तर चुकलं तर त्या दिवशी त्या मशीनवर विश्वास ठेवायचा नाही. रुचिताला हे फार आवडलं. मायक्रोस्कोपखाली तिने पहिल्यांदा पांढऱ्या पेशी पाहिल्या. जांभळ्या ठिपक्यांच्या, प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. ती अर्धा तास उठली नाही.

पाचव्या दिवशी मात्र तिने गोंधळ घातला. गर्दी होती, प्रिस्का मॅडमनी तिला रिकाम्या नळ्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवायला सांगितल्या आणि एकाच आडनावाच्या दोन बायांच्या चिठ्ठ्या तिने अदलाबदल केल्या. मॅडमच्या लक्षात आलं ते रक्त घ्यायच्या आधी, खुर्चीवरच्या बाईला नाव आणि जन्मतारीख विचारली तेव्हा. त्यांनी आवाज चढवला नाही. चिठ्ठी लावलेल्या सगळ्या नळ्या, तिच्यासमोर, कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

"या दोघींपैकी एकीला मधुमेह आहे," त्या म्हणाल्या. "दुसरीला तू इन्सुलिन सुरू करून दिलं असतंस."

रुचिताचे कान गरम झाले. घरी जाऊन ती जेवली नाही. आता उद्या तोंड कसं दाखवायचं, असं तिला रात्री झोपताना वाटलं खरं. पण सकाळी सव्वासहाला तिने स्कूटर काढली, लॅबमध्ये पाऊल टाकलं आणि प्रिस्का मॅडम काही म्हणायच्या आत म्हणाली, "चिठ्ठ्या मला द्या. आज मोठ्याने वाचून लावते."

मॅडमनी गठ्ठा तिच्या हातात दिला. त्या दिवशी एकही चूक झाली नाही. आठ दिवस संपले आणि रुचिताने काहीच विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं उरलं नव्हतं. ती नवव्या दिवशीही गेली.

सीईटीचा निकाल लागला. गुण उत्तम होते. फार्मसीला हवं ते कॉलेज मिळालं असतं. मामा पेढे घेऊन रविवारी सकाळी निर्मळला आला. ओट्यावर रुचिताचे वडील दिवाकर मोगऱ्याच्या कळ्या केळीच्या पानांत बांधत बसले होते, आई विनिता त्यांच्या मदतीला. रुचिताने मामाच्या हातातला पेढा घेतला, त्याला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "मामा, मी फार्मसीला नाही जाणार."

मामाला आधी वाटलं ती चेष्टा करतेय. मग तिने सगळं सांगितलं, तेव्हा तो खुर्चीत मागे रेलला.

"म्हणजे चालतं दुकान सोडून तू लोकांची लघवी तपासणार."

"रक्तसुद्धा," रुचिता म्हणाली.

"थट्टा नको करूस, रुचे. उद्या लोक विचारतील, भाची काय करते? मी काय सांगू?"

"लोकांना काय आजार आहे ते शोधते, असं सांग."

"ते डॉक्टर शोधतात!"

"डॉक्टर आमच्याकडून आलेला कागद बघून शोधतात, मामा. त्या दिवशी डॉक्टर ग्लोरिया हुशार होत्या, पास्कलअंकल हुशार होते, पण नळी उजेडात धरेपर्यंत कोणालाच कळत नव्हतं." ती त्याच्या शेजारी बसली. "मी फार्मसीला गेले तर नापास नाही होणार. फार्मसिस्ट म्हणूनही बरी होईन. पण दुकानात चार वाजले की मी घड्याळाकडे बघते. तुला दिसलं नसेल, पास्कलअंकलना दिसलंय. प्रिस्का मॅडमकडे घड्याळ आहे की नाही हेसुद्धा मला सांगता यायचं नाही."

मामाने विनिताकडे पाहिलं. "तू काही बोलणार आहेस की नाही?"

"मी काय बोलू, दादा?" आई म्हणाली. "दहा-बारा दिवस पहाटे पाचला उठतेय ही. बारावीला कधी उठली नव्हती."

दिवाकरांचे हात इतका वेळ कळ्या बांधतच होते. त्यांनी पुडा खाली ठेवला. "यात चूक झाली तर माणसाचा जीव जातो?"

"जाऊ शकतो, बाबा."

"तुझ्या हातून एकदा झाली म्हणालीस."

"हो. नळी रिकामी होती म्हणून वाचले."

"मग भीती नाही वाटत?"

"वाटते. म्हणून दोनदा बघते."

दिवाकरांनी मान हलवली, जणू बाजारात भाव पटला असावा. "मग जा," ते म्हणाले आणि पुढचा पुडा बांधायला घेतला.

मामा उठला. चहा न घेताच. पायरीवरून त्याने मागे वळून विचारलं, "आणि दुकानाचं काय?"

"ते मला माहीत नाही, मामा," ती म्हणाली. "पण मी तिथे कंटाळून उभी राहिले, तर ते दुकानासाठी चांगलं होणार नाही, एवढं माहीत आहे."

मामा दोन महिने तिच्याशी बोलला नाही. गणपतीला सगळे एकत्र आले तेव्हा तिच्या पानात त्याने स्वतःहून मोदक वाढला आणि विचारलं, "कॉलेज कसंय?" एवढ्यावर ते मिटलं. दुकानात पुढे डहाणूकडचा एक फार्मसिस्ट रुजू झाला. पास्कलअंकल निवृत्त होतो होतो म्हणत आणखी तीन वर्षं रोज येतच राहिले. अक्षयाने मात्र फार्मसीच केली, आणि तिच्यासारख्या मुलीने काउंटरवरच उभं राहावं असं सगळ्यांना वाटत असताना तिने शेवटच्या वर्षी औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीत नोकरी धरली. ती दिवसभर फोनवर पेशंटशी बोलते, गोळी घेतल्यावर नेमकं काय झालं ते त्यांच्याकडून काढून घेते. तिला बोलायला माणसं मिळाली, ती खूश आहे.

रुचिता शिकत गेली. अभ्यास सोपा नव्हता. दुसऱ्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्राने तिला चांगलंच घामाघूम केलं आणि एका विषयाचा पेपर तिला पुन्हा द्यावा लागला. मामाला हे कळलं तेव्हा तो काहीतरी बोलेल असं तिला वाटलं होतं. तो फक्त म्हणाला, "दे परत." तिने दिला आणि पुढच्या वर्षी वर्गात तिसरी आली.

शेवटच्या वर्षाची इंटर्नशिप तिला विरारच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मिळाली. ऑक्टोबर होता. डेंग्यूची साथ होती, वॉर्ड भरले होते आणि लॅबमध्ये नळ्यांचा ढीग संपता संपत नव्हता. एका दुपारी वरिष्ठ टेक्नॉलॉजिस्ट ऑगस्टीन सर जेवायला गेले होते. मशीनने सव्वीस वर्षांच्या एका बाईचे प्लेटलेट दाखवले. आठ हजार. निरोगी माणसात दीड लाखाच्या वर असतात.

रुचिताने आकड्यावर विश्वास ठेवला नाही. प्लेटलेट कधीकधी नळीत एकमेकांना चिकटून गोळे करतात आणि मशीनला ते मोजताच येत नाहीत. तिने नळीवरचं नाव तपासलं. आत गाठ झाली आहे का ते पाहिलं. मग काचपट्टीवर थेंब ओढला, रंगवला, सुकवला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ती सगळं फिरली. गोळे कुठेच नव्हते. प्लेटलेटही जवळजवळ कुठेच नव्हते. ऑगस्टीन सरांना तिने फोन लावला. ते म्हणाले, "येतोय, स्लाइड तशीच ठेव. पण वॉर्डला आत्ताच सांग."

तिने वॉर्डचा नंबर लावला. फोन उचलणारे डॉक्टर तिच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे असतील, पण आवाज थकलेला होता.

"आठ हजार? काल चाळीस होते," ते म्हणाले. "बाई बसून बोलतेय माझ्यासमोर. मशीनची गडबड असेल. मी पुन्हा नमुना पाठवतो, मग बघू."

"नमुना जरूर पाठवा सर," रुचिता म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला, इतका तो शांत होता. "पण त्याची वाट बघू नका. मी स्लाइड बघितली आहे. गोळे नाहीत, नळीत गाठ नाही, नाव बरोबर आहे. आकडा खरा आहे. त्यांना कुठून रक्त येतंय का, एवढं बघाल का?"

पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज, पावलं, लांबून कोणाला तरी विचारल्याचे शब्द. डॉक्टर परत आले तेव्हा त्यांचा थकवा गेला होता.

"हिरड्यांतून येतंय. सकाळपासून येतंय आणि ती बोललीच नाही," ते म्हणाले. "मी प्लेटलेट मागवतो. तुमचं नाव काय?"

"रुचिता सावे. लॅबमधून."

"थँक्यू, रुचिता."

अर्ध्या तासाने दुसरा नमुना आला. त्यातही आठ हजारच होते. तोवर वर वॉर्डात पहिली पिशवी लागली होती. ऑगस्टीन सरांनी स्लाइड पाहिली, मायक्रोस्कोपवरून डोळे न काढताच अंगठा वर केला आणि म्हणाले, "जेवून घे आता."

ती बाई आठव्या दिवशी चालत घरी गेली. रुचिताने तिला कधी पाहिलं नाही. आठ हजारांच्या त्या दुपारी रुचिता जेवायला उठली, हात धुतले, डबा उघडला, दोन घास खाल्ले असतील नसतील तोच खिडकीतून नव्या नळ्यांचा ट्रे आत सरकला. तिने डबा झाकून ठेवला, हातमोजे चढवले आणि पहिल्या नळीवरचं नाव मोठ्याने वाचलं.